टाइल निवडण्याआधी टाइलमागचे पाहा

संपादक महोदय,

दसरा-दिवाळीच्या सुमारास नव्या घरांचे ताबे मिळू लागले की न्हाणीघराच्या सजावटीवर पानेच्या पाने छापून येतात. बाथटबची छायाचित्रे देखणी असतात, पण तो टब भरायला किती पाणी लागते आणि भिंतीवरच्या टाइलमागे काय असायला हवे, हे क्वचितच वाचायला मिळते. खरे नुकसान तिथेच होते, म्हणून हे पत्र.

आधी टबाचे. पाच बाय अडीच फुटांचा साधा टब अंग बुडेल इतका भरायचा तर दीडशे ते पावणेदोनशे लिटर पाणी लागते. शहरी पाणीपुरवठ्याच्या हिशेबात एका माणसाला दिवसभरासाठी १३५ लिटर धरलेले असतात. गरम पाण्याचे गणित आणखी अवघड आहे. २५ लिटरच्या गीझरमधले ६० अंशांचे पाणी नळाच्या २५ अंशांच्या पाण्यात मिसळून ४० अंशांवर आणले, तर जेमतेम ५८ लिटर होते. म्हणजे एका टबासाठी गीझर तीनदा तापवायचा, आणि तोवर आधीचे पाणी कोमट झालेले असते. यावर तोड म्हणून काही जण आतच गॅस गीझर बसवतात. कृपया कोणीही तसे करू नये. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही. गॅस गीझर बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

वजनाचाही विचार करावा. अ‍ॅक्रिलिकचा टब ३०-३५ किलो, पाणी १६० किलो आणि माणूस ७० किलो, असा अडीचशे किलोच्या पुढचा भार साधारण सव्वा चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर येतो. घरातल्या न्हाणीघराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापरभार (माणसे आणि सामानाचे वजन) धरून आखलेला असतो. टबाचा भार त्याहून थोडा जास्त भरतो, तरी अ‍ॅक्रिलिकच्या टबाने सहसा बिघडत नाही, पण ओतीव लोखंडाचा टब एकटाच शंभर-सव्वाशे किलोंच्या पुढे जातो. तो घेण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलेच पाहिजे.

अ‍ॅक्रिलिकचा टब निवडताना त्यात उभे राहून पाहावे. तळ पायाखाली लवत असेल तर घेऊ नये. बसवताना नुसत्या पायांवर न ठेवता तळाखाली सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा सलग थर द्यावा. भिंतीलगत सिलिकॉन भरण्याआधी टब पाण्याने भरावा आणि सिलिकॉन सुकेपर्यंत, निदान २४ तास, तसाच ठेवावा. रिकाम्या टबाला सिलिकॉन लावले, तर पहिल्याच आंघोळीला टब किंचित खाली बसतो, सांधा उघडतो आणि पाणी मागे जाऊ लागते. टबाच्या ट्रॅपपाशी, म्हणजे सांडपाण्याच्या नळीच्या बाकापाशी, हात जाईल अशी झडप ठेवावी, नाहीतर तुंबल्यावर टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नसते. आमचे स्पष्ट मत असे की फ्लॅटमध्ये तेवढ्या जागेत काचेआड शॉवर केलेला बरा, विशेषतः घरात वयस्क माणसे असतील तर. टबाचा वीस-बावीस इंचांचा काठ ओल्या पायांनी ओलांडणे त्यांना धोक्याचे आहे.

आता शॉवरची भिंत. सिरॅमिक टाइलची पाठ पाणी शोषते, त्यामुळे ती भिजवून सिमेंटवर बसते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, म्हणून ती सिमेंटला नीट धरत नाही. हल्ली आवडीने घेतल्या जाणाऱ्या दोन बाय चार फुटांच्या टाइलचे वजन १४-१५ किलो भरते. तिला व्हिट्रिफाइडसाठीचा टाइल अ‍ॅडेसिव्हच हवा, आणि तो दातेरी थापीने भिंतभर ओढलेला हवा. घाईतला मिस्त्री टाइलच्या पाठीवर मसाल्याचे पाच ढेकूळ ठेवतो, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, आणि भिंतीवर दाबतो. ढेकळांमधली जागा पोकळच राहते. पाणी सांध्यातून आत शिरते, त्या पोकळीत साचते आणि काही दिवसांनी शेजारच्या खोलीचा रंग फुगू लागतो. तपासणी सोपी आहे: नाण्याने प्रत्येक टाइल कोपऱ्यापासून मध्यापर्यंत वाजवावी. डबडब आवाज आला तर ती तेव्हाच काढायला लावावी.

टाइल टाइलला चिकटवू देऊ नये. दोन-तीन मिलिमीटरचा सांधा ठेवून शॉवरच्या भागात एपॉक्सी (राळेचे, पाणी न शोषणारे भरण) भरावे. पांढऱ्या सिमेंटचे सांधे पिवळे पडतात, आणि अ‍ॅसिडने धुतले की झिजतात. मात्र एपॉक्सी टाइलवर वाळले तर निघत नाही, म्हणून कारागिराने थोडे थोडे कालवून लगेच पुसत जावे. बोअरचे जड पाणी असेल तर चकचकीत काळी टाइल टाळावी, तिच्यावर क्षारांचे पांढरे डाग सतत दिसतात. संगमरवर तर शॉवरखाली नकोच. डाग काढायला वापरलेल्या अ‍ॅसिडने त्याची झिलई कायमची जाते.

टाइलमुळे भिंत जलरोधक होत नाही. ते काम मागच्या वॉटरप्रूफिंगच्या लेपाचे. शॉवरच्या भिंतीला सहा-सात फुटांपर्यंत लेपाचे दोन हात द्यावेत, एक आडवा आणि एक उभा. जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई (वाटा) करून त्यावर जाळी लावावी. मग न्हाणी ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवावे आणि खालच्या घराचे छत पाहावे. ताब्यानंतर पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातील दोष ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे रेरा (स्थावर संपदा) कायद्याने विकासकावर बंधनकारक आहे. पण ताबा मिळताच तुम्ही स्वतः फरशी उखडली, तर गळती कोणाच्या कामाची यावर वाद होतो. म्हणून तोडफोडीआधी हीच चाचणी करून लेखी नोंद ठेवावी.

एक शेवटचे. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) असेल तर आधाराच्या दांडीचे साधे स्क्रू तिच्यात टिकत नाहीत. दांडी जिथे येणार तेवढा भाग टाइल लावण्याआधी पक्क्या विटांचा करून घ्यावा, आणि पाइप झाकण्यापूर्वी शेजारी मोजमापाची टेप धरून भिंतीची छायाचित्रे काढून ठेवावीत.

— बांधकाम क्षेत्रातील काही वाचक, पुणे