आधी टेकडीतला कर्ब मोजा, मग नकाशा काढा

महोदय,

पुण्यात टेकडीवरून रस्ता जाणार म्हटले की वाद झाडांच्या आकड्यावर येतो. किती तोडणार, किती लावणार. २०२१च्या कायदादुरुस्तीने तर तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावायची, हेही ठरवून टाकले. मातीतल्या कर्बाचा (कार्बनचा) हिशेब मात्र कोणी विचारत नाही. वेताळ टेकडी, तळजाई या मूळच्या गवताळ टेकड्या. गवताचा बहुतेक कर्ब मुळांत आणि मातीत असतो. चैत्रात गवत वाळले की तीच जमीन कागदोपत्री ‘पडीक’ ठरते.

मोजणे अवघड नाही. एक हेक्टरवरची वरची १५ सेंटीमीटर माती म्हणजे १,५०० घनमीटर. घनमीटरला १.२ टन धरले तर १,८०० टन. सेंद्रिय कर्ब १ टक्का निघाला तर १८ टन. त्याला ४४/१२ने (कार्बन डायऑक्साइड आणि कर्ब यांच्या वजनांचे गुणोत्तर) गुणले की ६६ टन कार्बन डायऑक्साइड. पण शेतीच्या माती परीक्षणाचा कागद इथे पुरत नाही, त्यात बहुधा नुसती टक्केवारी असते, घनमीटरमागचे वजन नसते. ठरावीक मापाची लोखंडी कडी ठोकून काढलेली, १०५ अंशांवर वाळवून तोललेली माती हवी. २ मिलिमीटरवरचे खडेही वजा करावेत. टेकडीवर ते भरपूर असतात, आणि फुगलेला आकडा सुनावणीत पहिल्याच प्रश्नाला आडवा होतो.

मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत वरची २० सेंटीमीटर माती वेगळी साठवण्याची अट असते. पण पोकलेनने माती-मुरूम एकत्र उपसला की ती अट तिथेच संपली. वेगळी काढून उंच ढीग घातला तर आत हवा पोचत नाही आणि वळवाच्या सरीत कडा नाल्याला लागतात. ढीग दीड-दोन मीटरच असावा, वर ताग पेरावा. तरीही काही कर्ब जातोच: ढेकूळ फुटले, हवा लागली की जिवाणू तो फस्त करतात. म्हणून इमारत, पार्किंग आधीच उकरलेल्या भागात बसवावे. (गवताळ माथ्यावर जेसीबीने चर खणून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडे लावणे हीही उकराउकरच!)

लेआउट मंजुरीच्या अर्जासोबत ही मोजणी सक्तीची करावी. नमुने ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्यावेत. भर पावसात माती कडीला चिकटते आणि एप्रिलमध्ये ठोकतानाच नमुना फुटतो.

– मृदाशास्त्राचे अभ्यासक, पाषाण, पुणे