गाऱ्हाणं (तुमच्या फाइलीत: "गार्हाणं")

वेंगुर्ला तालुका, जि. सिंधुदुर्ग
स्पीड पोस्टाने

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा

विषय: पीडीएफमधून मराठी मजकूर काढून देण्याच्या नावाखाली घेतलेले ४,९९९ रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्याकडे माझे चार तक्रार क्रमांक आहेत, कारण दर फोनला तुम्ही नवा देता. त्यातला कुठला चालू आहे हे तुम्हीच बघा. मंगळवारी चौथा फोन झाला. पाचवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

आमचं गावचं ग्रंथालय आहे. मी त्याचा कार्यवाह. त्याआधी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. ग्रंथालयाच्या जुन्या स्मरणिका एकत्र करून त्यातलं निवडक पुस्तक गणपतीत, चाकरमानी गावात असताना, काढायचं ठरलंय. २००४ ची स्मरणिका कुडाळच्या डीटीपीवाल्याने पेजमेकरमध्ये कृतिदेव फॉन्टात लावली होती. तिची फक्त पीडीएफ हाती आहे, मूळ फाइल त्याच्या जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेली. १९७८ चा अंक शिशाची सुटी अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवून छापलेला, तो आम्ही स्कॅन केला. दोन्ही मिळून ३१२ पानं. यांचा साधा, दुरुस्त करता येईल असा मजकूर हवा होता, बस. तुमच्या जाहिरातीत "जुने फॉन्ट असोत वा स्कॅन, एका क्लिकमध्ये शुद्ध युनिकोड मराठी" असं आहे. (युनिकोड म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तीच राहतील अशी पद्धत.) "शुद्ध" हा शब्द तुमचा आहे, माझा नाही. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

पीडीएफमध्ये शब्द नसतात, कुठला आकार पानावर कुठे काढायचा एवढंच असतं, हे तुम्हाला सांगायला नको. तुमचं पोट त्यावरच आहे. मला ते गेल्या महिन्यात कळलं, भाच्याने समजावलं तेव्हा. पीडीएफ १९९३ साली आली ती छापील पान सगळीकडे सारखं दिसावं म्हणून, त्यातला मजकूर परत काढता यावा की नाही याची तिला फिकीर नव्हती. त्यात कृतिदेवसारख्या फॉन्टात मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले. "मराठी" शब्द कॉपी केला तर ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं हातात येतात. बरं, ती बदलून दिली तरी काम संपत नाही. या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षर, काना सगळं झाल्यावर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. म्हणजे वेलांटी अक्षरानंतर न्यायची, रफार अक्षराआधी आणायचा. तुमच्या सॉफ्टवेअरने अक्षरं बदलली आणि हात झटकले.

म्हणून "शिमगा"चा "िशमगा" झाला. "सर्व"चं "सवर्", "वर्ष"चं "वषर्". आमचा जिल्हा १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग आहे, तुमच्या फाइलीत तो "िसंधुदुगर्" आहे. आणि मी राहतो ते "वेंगुलार्". आयुष्यभर वेंगुर्ल्यात काढून म्हातारपणी वेंगुलार्ला आलो.

आता दर्याचं ऐका. "दर्या" म्हणजे समुद्र. "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या. वर्गात हा फरक शिकवायला मी "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" हे उदाहरण देत असे, कोकणातल्या पोरांना खरं तर दर्या-दऱ्याच जवळचं होतं. तुमच्या सॉफ्टवेअरला "ऱ्य" हे प्रकरणच ठाऊक नाही. त्याने जिथे दर्या होता तिथे "दयार्" केलं, आणि जिथे दऱ्या होत्या तिथे दर्या आणून भरला. सह्याद्रीतून कोल्हापूरला जाणाऱ्या पायवाटेच्या लेखात दोन्ही बाजूंना खोल समुद्र आहे. तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कालवणाच्या कृतीत "तिसर्या" आहेत. चारदा धुतल्या तरी त्यातली ती रेती जायची नाही.

पाच पानांवर दोन रकाने आहेत. रकाना म्हणजे काय हे तुमच्या सॉफ्टवेअरला कोणी सांगितलेलं दिसत नाही, ते डावीकडून उजवीकडे सरळ वाचत सुटतं. डाव्या रकान्यात आमच्या माजी अध्यक्षांना श्रद्धांजली होती, उजव्यात एका दुकानाची जाहिरात. तुमच्याकडून आलेला मजकूर (वेलांट्या मी लावल्यात) असा: "यांच्या आकस्मिक निधनाने घाऊक व किरकोळ दरात संस्थेची कधीही भरून न येणारी घरपोच मिळेल." हे मी त्यांच्या मुलाला दाखवलं नाही. तुम्ही दाखवा.

१९७८ च्या स्कॅनमध्ये आकड्यांचं तर विचारू नका. आपला १ त्याला इंग्रजी नऊ वाटतो. देणगीदारांच्या यादीत १११ रुपये देणाऱ्यापुढे इंग्रजीत नऊशे नव्व्याण्णव आले आहेत. वरचे आठशे अठ्ठ्याऐंशी कुठे गेले याचं उत्तर सर्वसाधारण सभेत मला द्यावं लागेल, तुम्हाला नाही. २००४ च्या अंकातलं काजूच्या कलमांवरचा लेखही स्कॅन म्हणूनच द्यावा लागला, त्याची पानं पीडीएफमध्ये चित्र म्हणून चिकटवलेली. तिथे "वेंगुर्ला-७" च्या ७ चा इंग्रजी सहा झाला. आता गंमत अशी की वेंगुर्ला-६ नावाचीही काजूची जात आहे. चूक दिसणारसुद्धा नाही. वाचणारा बागायतदार रोपवाटिकेत जाऊन दुसरीच कलमं मागेल.

हे सगळं मी पहिल्या फोनला सांगितलं. फाइल २०-२० पानांचे तुकडे करून पुन्हा चढवा, असं उत्तर आलं. सोळा तुकडे केले. पावसात आमच्याकडे लाइट जाते, तुकडा अर्ध्यावर राहिला की तुम्ही तो "वापरलेला प्रयत्न" म्हणून मोजता. दुसऱ्या फोनला भाषा "हिंदी" निवडायला सांगितलं, लिपी एकच म्हणून. निवडली. स्कॅन केलेल्या पानांतला प्रत्येक "ळ" गेला आणि "ल" आला. नारळाचा नारल, कोळ्यांचा कोली, कुडाळचं कुडाल. मराठीचे ल आणि श हिंदीहून वेगळ्या वळणाचे असतात, त्यावर २००९ साली शासन निर्णयसुद्धा निघाला. पण तो तुमच्यापर्यंत पोहोचावा ही अपेक्षा जास्तच झाली. तिसऱ्या फोनला "वरिष्ठ तुम्हाला फोन करतील" म्हणाले. वरिष्ठ अजून करताहेत.

आता मंगळवार. माझ्या घरी रेंज फक्त मागच्या विहिरीपाशी येते. पाऊस होता. छत्री धरून ४७ मिनिटं उभा होतो, त्यातली २२ तुमचं संगीत ऐकण्यात गेली. फोन तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाशी हिंदीत झाला, मी मराठीत देतोय. शब्द जवळजवळ तेच आहेत, कारण घरात आल्याआल्या लिहून ठेवले.

तो: सर, तुमची फाइल यशस्वीपणे कन्व्हर्ट झालेली दिसते. अचूकता ९८ टक्के.

मी: ते ९८ टक्के कोणी मोजले?

तो: सिस्टिमने, सर.

मी: कशाशी ताडून?

तो: सर, सिस्टिम ऑटोमॅटिक आहे.

मी: तुमच्यासमोर फाइल उघडी आहे ना? पहिली ओळ वाचून दाखवा.

(इथे बराच वेळ फक्त पाऊस.)

तो: सर, मला मराठी वाचता येत नाही.

मी: मग बरोबर आहे असं कशावरून म्हणता?

तो: ९८ टक्के दाखवतंय, सर.

मी: हिंदी येतं ना? अक्षरं तीच. लावून बघा.

तो: स... सवर्... सर, हे बरोबर नाही वाटत.

मी: तेच तर महिनाभर सांगतोय.

तो: म्हणजे सर, ओरिजिनलमध्येच स्पेलिंग मिस्टेक असणार. तुम्ही कोणा मराठी जाणणाऱ्याकडून आधी तपासून घ्या.

महोदय, हे वाक्य तुम्ही एकदा मोठ्याने वाचा. कोणा मराठी जाणणाऱ्याकडून. तेहतीस वर्षं. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज तहसील कचेरीत, कोर्टात, मुंबईच्या छापखान्यांत मराठी लिहितात. आणि ज्याला एक ओळ वाचता येत नाही तो मला शुद्धलेखन तपासून घ्यायला सांगतो. मी तरी आवाज चढवला नाही. मूळ पान छापील आहे, त्यात "सर्व"च आहे, डोळ्यांनी दिसतंय, हे समजावलं. "हो सर." रफार म्हणजे काय ते समजावलं. "हो सर." पैसे परत हवेत म्हटलं. "हो सर."

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावकर एकेक मागणं मोठ्याने म्हणतो आणि बाकीचे दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. तुमचा मुलगा तेवढंच करत होता. फरक इतकाच की आमच्या गाऱ्हाण्यात ऐकणारा कोणीतरी असतो अशी आमची श्रद्धा आहे.

शेवटी त्याने विचारलं, पानं किती? ३१२ म्हटलं. तर म्हणाला, "सर, एवढ्याशासाठी कोणाकडून टाइप करून का घेत नाही?"

तुमचं सॉफ्टवेअर विकत घेतलं ते टाइप करावं लागू नये म्हणून. तुमचाच माणूस सांगतो टाइप करा. मग तुम्ही विकता काय?

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे दिलंय ते तो वाचतो, आणि जे वाचता येत नाही त्यावर त्याला ९८ टक्के लिहून दिलंय. राग आहे तो त्या आकड्यावर. मी एक पान छापून लाल पेन घेऊन बसलो. २८३ शब्दांपैकी ११६ चुकले आहेत. भाचा म्हणतो, तो आकडा म्हणजे यंत्राला स्वतःबद्दल किती खात्री वाटते ते, उत्तर बरोबर किती हे नव्हे. अशी मुलं मला वर्गात दर वर्षी दोन-तीन भेटत. पेपर सोपा गेला म्हणून सांगत फिरायची. पण त्यांच्या उत्तरपत्रिका मी तपासत होतो. तुमच्या कोण तपासतं? आणि ९८ खरे धरले तरी हिशेब करा: १,८०० अक्षरांच्या पानावर ३६ चुका, ३१२ पानांत अकरा हजारांवर. याला "शुद्ध" म्हणायचं.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. भाच्याने शनिवार-रविवारी बसून वेलांटी आणि रफार जागेवर नेणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, चाळीस-पन्नास ओळींचा. "ऱ्य"साठी त्याला आणखी दोन ओळी लागल्या. स्कॅनच्या पानांना त्याने चित्रातली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर वापरलं, जे १९८५ साली ह्यूलेट-पॅकार्डमध्ये सुरू झालं, २००५ पासून सगळ्यांना खुलं आहे, फुकट आहे आणि त्यात मराठी वेगळी निवडता येते. चुका त्यातही आहेत. १ आणि ९ तिथेही हाताने तपासतोय, रकाने आधी कापून घ्यावे लागले. पण ळ जागेवर आहे, आणि दर्या दर्याच्या जागी. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला सुट्टीच्या दोन दिवसांत जे जमलं, ते तुमच्या कंपनीला जमत नाही की मराठीसाठी करावंसं वाटत नाही, हे मला कळवा. दुसरं असेल तर जाहिरातीतून "मराठी" काढून टाका. आम्ही रागावणार नाही. सवय आहे.

मागणं एवढंच. ४,९९९ रुपये खात्यावर परत. आपोआप होणारं नूतनीकरण बंद. आणि त्या ९८ टक्क्यांचा हिशेब लेखी, कशाशी ताडून काढला तो. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट बघेन. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तुमच्या वकिलाला मात्र इथवर पाठवा. कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचं. पावसाळ्यात गाड्या हळू चालतात, वेळ काढून या म्हणावं.

आयोगापुढे मी फार बोलणार नाही. तुमची फाइल देईन आणि वाचून दाखवा म्हणेन.

सोबत: लाल पेनाने तपासलेलं एक पान, श्रद्धांजलीचं पान, पावतीची प्रत.

आपला,
कार्यवाह, ग्रंथालय
(वेंगुर्ला. रफार गु वर नाही, ला वर.)

ता. क. उत्तर पीडीएफमध्ये पाठवू नका.