‘कोसळले’ नव्हे, ‘आदळले’

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इंडोनेशियातल्या पापुआच्या डोंगराळ भागात विमान अपघात झाला की मराठी वर्तमानपत्रांतली बातमी बहुधा एकाच साच्यात येते : ‘खराब हवामानामुळे विमान डोंगरात कोसळले.’ या वाक्यातल्या दोन शब्दांबद्दल हे पत्र आहे, ‘कोसळले’ आणि ‘हवामानामुळे’.

ज्याचा आधार सुटतो ते कोसळते : भिंत, दरड, झाड. विमानाची इंजिने बंद पडली, पंखांची उचल संपली किंवा शेपटी तुटली तर तेही कोसळते. पण पापुआच्या मधल्या डोंगररांगेतल्या ज्या अपघातांत सर्वाधिक माणसे गेली, त्यांत असे काहीच घडलेले नव्हते. इंजिने चालू होती, पंख शाबूत होते, विमान वैमानिकाच्या पूर्ण ताब्यात होते आणि ते ढगातून सरळ जाऊन डोंगरावर आदळले. हवाई क्षेत्रात याला ‘सीफिट’ म्हणतात. दोन्ही प्रकारांत शेवट सारखाच दिसत असला तरी कारणे वेगळी असतात आणि उपायही.

१६ ऑगस्ट २०१५ चे उदाहरण घ्या. त्रिगाना एअर या कंपनीचे एटीआर ४२ हे प्रवासी विमान पापुआतल्या जयापुराजवळच्या सेंतानी विमानतळावरून दुपारी ओक्सिबिलकडे निघाले. पाऊण तासाचा प्रवास, विमानात ५४ माणसे. ओक्सिबिल सुमारे ४,००० फुटांवरच्या खोऱ्यात आहे आणि भोवती दुपटीहून उंच डोंगर आहेत. तिथे उतरण्यासाठी ठरवून दिलेला मार्ग असा : आधी धावपट्टीच्या वर यायचे, तिला समांतर पुढे जायचे, मग वळून उतरायचे. वेळ जास्त लागतो, पण सगळी वळणे मोकळ्या जागेत होतात. २ वाजून ५५ मिनिटांनी वैमानिकाने कळवले की आपण थेट डाव्या बाजूने, शेवटच्या वळणाच्या टप्प्यावर येत आहोत. खालच्या माहिती केंद्राला विमान थांबवण्याचा अधिकार नव्हता, त्याचे काम फक्त माहिती देण्याचे. विमान ८,३०० फुटांवर डोंगराला धडकले आणि कोणीही वाचले नाही.

इंडोनेशियाच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा समितीने, म्हणजे ‘केएनकेटी’ने, केलेला या अपघाताचा तपास मुळातून वाचण्यासारखा आहे. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात उतरण्यापूर्वीची आपसातली चर्चा नाही, चेकलिस्टचे वाचन नाही आणि जमीन जवळ आल्याचा यंत्राचा इशाराही नाही. उड्डाणाची आकडेवारी नोंदवणाऱ्या दुसऱ्या ब्लॅक बॉक्समध्ये या उड्डाणाची माहितीच नव्हती, कारण तो नीट चालत नव्हता.

इशारा का वाजला नाही, यावर थोडे थांबले पाहिजे. जुनी यंत्रणा रेडिओ लहरी सरळ खाली सोडून जमिनीचे अंतर मोजायची. समोर कडा उभा असेल, तर खालची जमीन वर येऊ लागेपर्यंत तिला काही कळत नसे आणि कळेपर्यंत फार उशीर झालेला असे. नवी यंत्रणा, ईजीपीडब्ल्यूएस, विमानाची जागा आणि जगभरच्या उंचसखलपणाचा साठवलेला नकाशा यांचा मेळ घालून पुढचे पाहते. म्हणजे तिची सगळी मदार त्या नकाशावर. त्रिगानाच्या विमानातल्या नकाशात ओक्सिबिलचा परिसर बारीक तपशिलाने भरलेलाच नव्हता. ज्या ठिकाणची धावपट्टी यंत्राला माहीत नाही किंवा जिथला नकाशा ढोबळ आहे, तिथे विमान योग्य मार्गाने उतरत असतानाही यंत्र ‘जमीन जवळ आली’ म्हणून ओरडते. हे रोज होऊ लागले की वैमानिक कंटाळतो. या कंपनीतले काही वैमानिक नको असलेले इशारे टाळण्यासाठी यंत्रणेचा सर्किट ब्रेकरच ओढून ठेवत, असे तपासात आढळले. पुढचे पाहणारा भाग तेवढा गप्प करणारे वेगळे बटण या यंत्रणेत असते. ब्रेकर ओढला की मात्र रेडिओ लहरींवर चालणारे मूळ इशारेही बंद होतात. घरातला एक दिवा नको म्हणून मेन स्विच बंद करावा, तसा हा प्रकार.

यंत्र नीट चालले तरी माणसाचा त्यावर विश्वास हवा. पापुआबाहेरचे, पण याच देशातले उदाहरण म्हणजे जावातला सलाक पर्वत. ९ मे २०१२ रोजी सुखोई सुपरजेट या रशियन प्रवासी विमानाच्या प्रात्यक्षिक उड्डाणात धडकेच्या ३८ सेकंद आधी पहिला इशारा आला. नकाशातच काही गफलत असावी असे समजून यंत्रणा बंद करण्यात आली. पहिल्या इशाऱ्यानंतर २४ सेकंदांपर्यंत जरी विमान वर खेचले असते तरी ते वाचू शकले असते, असे सिम्युलेटरवरच्या चाचणीत दिसले. त्या अपघातात ४५ माणसे गेली. ९ एप्रिल २००९ ला पापुआतल्या वामेना गावाजवळ एव्हिएस्टार कंपनीच्या बीएई १४६ विमानातही इशारे वाजत होते. त्यांना दाद दिली गेली नाही आणि सहाही कर्मचारी दगावले.

आता ‘हवामानामुळे’. पुंचाक जाया ४,८८४ मीटर, मांडाला ४,७६० मीटर, अशा शिखरांच्या रांगेवर समुद्रावरून येणारी दमट हवा चढत असताना दुपारी ढग येणार, हे तिथे उडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पहाटे खोऱ्यात धुके, ते विरले की काही तास मोकळे, मग उतारांवर ढग वाढत जातात आणि खिंडी एकेक करून बंद होतात. म्हणून तिथली शहाणी उड्डाणे सकाळी लवकर उरकतात. जी गोष्ट रोज घडते तिला कारण म्हणणे बरोबर नाही. डोळ्यांनी बघून उडण्याच्या नियमाखाली निघालेले विमान ढगात शिरले, हे कारण. २ ऑगस्ट २००९ ला मेरपाती कंपनीचे ट्विन ऑटर हे लहान विमान सेंतानीहून ओक्सिबिलला जाताना असेच ९,३०० फुटांवर धडकले आणि १५ जण गेले.

‘ढग दिसला तर मागे का वळत नाहीत’ हा प्रश्न वाचकाला पडतोच. याचे उत्तर खोऱ्याच्या रुंदीत आहे. १०,००० फुटांवर हवा विरळ असते, त्यामुळे वेगमापकावर १०० नॉट (म्हणजे ताशी १०० सागरी मैल) दिसत असताना खरा वेग १२० नॉटच्या आसपास असतो. या वेगात पंख ३० अंश कलवून उलटे फिरायला सुमारे १,३५० मीटर रुंदी लागते. खरा वेग २०० नॉट असलेल्या मोठ्या विमानाला ३,७०० मीटर. पंख ४५ अंश कलवले तर लहान विमानाचे वळण ८०० मीटरांच्या आत बसते, पण पंखांवरचा भार १.४ पट होतो आणि हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग जवळपास एक पंचमांशाने वाढतो. तिथे मात्र विमान खरोखरच कोसळू शकते. म्हणूनच जाणता वैमानिक खोऱ्याच्या मधोमध उडत नाही. तो एका कडेला चिकटून जातो, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी हाताशी राहते. वर चढून सुटण्याचा भरवसाही फार धरता येत नाही. मिनिटाला ६०० फूट चढणारे विमान १२० नॉटने जाताना दर किलोमीटरला जेमतेम ५० मीटर उंची मिळवते. खोऱ्याचा तळ त्याहून चढा असेल तर पुढे जाणारा प्रत्येक किलोमीटर त्याला जमिनीच्या जवळच नेतो.

हे सगळे वैमानिकाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. वामेना, ओक्सिबिलसारख्या गावांना तांदूळ, सिमेंट, इंधन पुरवण्याचा भार मुख्यतः विमानांवर पडत आला आहे. उड्डाण रद्द झाले की त्याची झळ गावाला बसते आणि तो दबाव कॉकपिटपर्यंत पोचतो. डिसेंबर २०१६ मध्ये वामेनाजवळ गेलेले हवाई दलाचे हर्क्युलिस विमान माल घेऊनच येत होते. त्यात १३ जण गेले.

अपघातानंतर शोध घेणेही तितकेच कठीण. विमानाची जागा कळवणारा आपत्कालीन बीकन धडकेत टिकला तरी त्याच्या अँटेनाची वायर तुटते, किंवा दाट झाडी आणि खोल घळ संदेश अडवतात. जून २०१९ मध्ये ओक्सिबिलहून निघालेले लष्कराचे एमआय-१७ हेलिकॉप्टर १२ जणांसह नाहीसे झाले, त्याचे अवशेष पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मिळाले. याउलट, ऑगस्ट २०१८ च्या पिलाटस पोर्टर या लहान विमानाच्या अपघातात नऊपैकी आठ जण गेले आणि १२ वर्षांचा एक मुलगा जिवंत सापडला. शोधपथकाने वेळेत पोचण्याचे महत्त्व किती, हे त्या एका मुलावरून कळते. १३ मे १९४५ ला बालियेम खोऱ्यात धडकलेल्या अमेरिकी सी-४७ या लष्करी विमानातल्या २४ जणांपैकी तिघेच वाचले आणि त्यांना बाहेर काढायला दीड महिना लागला. विमान उतरवायला जागा नव्हती, म्हणून इंजिन नसलेले ग्लायडर खाली उतरवून वरून उडत्या विमानाने ते हिसक्याने उचलून नेले गेले.

‘कोसळले’ हा शब्द जिथे बरोबर आहे तिथे तो जरूर वापरावा. ७ मे २०११ रोजी पश्चिम पापुआतल्या काइमाना इथे मेरपातीच्या एमए ६० या प्रवासी विमानाने उतरणे सोडून पुन्हा चढायचा प्रयत्न केला. त्या वेळी फ्लॅप, म्हणजे कमी वेगात पंखांची उचल वाढवणाऱ्या पट्ट्या, भलतेच आत घेतले गेले आणि विमान झपाट्याने उंची गमावून समुद्रात पडले. २५ माणसे गेली. ते कोसळणेच होते.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच : पहिल्या दिवशी नक्की कळले नसेल तर ‘अपघातग्रस्त झाले’ असे लिहावे. अवशेष उतारावर सापडले की ते किती उंचीवर आहेत, जिथे उतरायचे होते ती धावपट्टी किती उंचीवर आहे आणि विमान किती वाजता निघाले, हे तीन आकडे बातमीत द्यावेत. उंची फूट आणि मीटर दोन्हींत छापावी, कारण ८,३०० फूट आणि ८,३०० मीटर यांची गल्लत भाषांतरात सहज होते. केएनकेटीचा अंतिम अहवाल अनेकदा वर्षा-दोन वर्षांनी येतो. त्यालाही आतल्या पानावर का होईना, एक रकाना मिळावा.

आपले,
हवाई सुरक्षेचा अभ्यास करणारे काही वाचक