परवाना देण्याआधी डॉक्टरचा हात बघा: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. ना. हसन मुश्रीफसाहेब,
वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी राधानगरी भागातला जनरल प्रॅक्टिशनर. गेल्या हंगामात ऊसतोड टोळीतल्या एका मजुराला फडात घोणस चावली. जवळच्या दवाखान्यातून मला बोलावणं आलं. ड्युटीवर नुकताच एमबीबीएस झालेला पोरगा होता. हुशार, एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, किती व्हायल द्यायच्या ते तोंडपाठ. पण रक्त गोठतंय का बघायला त्यानं प्लास्टिकची नळी घेतली होती. ही तपासणी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीतच करतात. प्लास्टिकमध्ये निरोगी माणसाचं रक्तही २० मिनिटांत गोठेल याचा भरवसा नसतो. एएसव्ही सुरू झाल्यावर पेशंटच्या अंगावर गांध्या उठल्या, धाप लागली. पोरगा अशा रिअॅक्शनवर द्यायचं अॅड्रेनालिनचं इंजेक्शन हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. "सर, वाचलंय. दिलेलं नाही कधी."

मजूर पुढं कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात बरा झाला. पण त्या पोराला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. इंटर्नशिपचं वर्ष नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे पर्यायी प्रश्न सोडवण्यात जातं, लॉगबुकावर सह्या होतात आणि नोंदणी क्रमांक हातात पडतो.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातली, परवान्याआधी द्यायची 'नेक्स्ट' परीक्षा तीन वर्षांत सुरू व्हायची होती. ती पुढं ढकलली गेली. तो विषय दिल्लीचा. नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आणि डॉक्टरांची नोंदणी करणारी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल मात्र आपल्या खात्याशी बांधलेली आहेत. इंटर्नशिपचा दाखला देण्याआधी बाहेरच्या कॉलेजच्या परीक्षकांनी प्रत्येकाकडून दहा-बारा कामं समोर करून घ्यावीत: अडलेली बाळंतीण, झटका आलेलं मूल, सर्पदंश. ज्याला जमलं नाही त्यानं महिनाभर तिथंच शिकून पुन्हा यावं.

आम्हा जुन्यांनाही सोडू नका. दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला ३० क्रेडिट पॉइंट लागतात आणि ते हॉलमध्ये बसून व्याख्यानं ऐकली की मिळतात. आजवर एकदाही मला कुणी म्हटलं नाही, "डॉक्टर, करून दाखवा." यातले निम्मे पॉइंट हातानं करायच्या कामांना ठेवा. त्याची सोय कोल्हापुरात शेंडा पार्कातल्या आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात करा. गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या डॉक्टरला त्यासाठी मुंबई गाठायला लावू नका.

आपण कागलचे. या जिल्ह्यात रात्री-अपरात्री पेशंट कुठून कुठं न्यावा लागतो, हे आपल्याला मी सांगायला नको. कोल्हापुरात अशी तपासणी सुरू केलीत, तर पहिल्या तुकडीत माझं नाव घाला.

आपला,
राधानगरी तालुक्यातला एक डॉक्टर