फुगे, भाषण आणि चिवडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर 'मतिमंद मुलांनी लुटला वनभोजनाचा आनंद' ही बातमी फोटोसह वाचली. छापल्याबद्दल आभार. एरवी हत्तीने ऊस तुडवला किंवा अस्वलाने कुणाला जखमी केले, की मगच खानापूरचे जंगल आपल्या पानावर येते. फोटो मात्र नीट पाहिला. पाहुणे खुर्च्यांवर, मुले खाली पाचोळ्यात. डाव्या कोपऱ्यातल्या मुलाने दोन्ही कान तळहातांनी गच्च दाबून धरलेत. फोटोखालच्या ओळीत आपण त्याला 'भारावलेला' म्हटले आहे. त्याच्या बरोबर डोक्यावर झाडाला बांधलेला कर्णा आपल्याच फोटोत दिसतो.

बातमीप्रमाणे भाषणे पाऊण तास चालली. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना असा आवाज अक्षरशः टोचतो. कर्णा सुरू झाल्यावर पक्षी निदान उडून तरी गेले असतील. उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामगार कानांवर जाड पेले घालतात, तसले पेले या मुलांना चांगले उपयोगी पडतात; पण ते सहलीच्या सकाळी चढवून चालत नाहीत, मूल काढून फेकते. आठवडाभर आधी रोज पाच-दहा मिनिटे घरी घालायला द्यावे लागतात. दुसरी गरज चित्रपट्टीची. बस, फाटक, वाट, जेवण, संडास, परत बस असे सहा फोटो, आणि तेही त्याच जागेचे. कुठल्यातरी पुस्तकातले फाटक दाखवले आणि समोर वेगळेच आले, तर मूल तिथेच अडते. एक गोष्ट झाली की तो फोटो काढून पिशवीत टाकायचा, म्हणजे आता काय उरले ते त्याला कळते. 'भाषण' हा फोटो पट्टीत कुणी लावला असेल असे वाटत नाही.

म्हणजेच कुणीतरी आठवडाभर आधी जाऊन यावे लागते. सहलीच्याच वेळेला, हातात मोजपट्टी घेऊन. आयोजकांचे नाव आपण छापले आहे, मी परत छापत नाही. पण त्यांच्यापैकी कुणी आधी गेले नव्हते हे दुसऱ्या फोटोतली फळीच सांगते. दोन पायऱ्यांवर जेमतेम तीन फुटांची फळी टाकून चाकाची खुर्ची वर चढवताहेत. साधा हिशेब एकास बाराचा आहे: एक फूट चढायला बारा फूट उतार. दोन पायऱ्या म्हणजे फूटभर उंची, तिथे तीन फुटांची फळी ही घसरगुंडी झाली. वर दोन स्वयंसेवकांनी खुर्ची हातांच्या दांड्यांना धरून उचलली आहे. पुष्कळ खुर्च्यांच्या या दांड्या काढता-घालता येतात. ऐन वेळी दांडी हातात आणि मूल खाली, असे होते. पाय ठेवायच्या पट्ट्यांचेही तेच. उतार नसेल तर खुर्ची पाठमोरी करून मागे कलवायची, एकाने मागच्या मुठी धरून पायरी-पायरीने वर ओढायची, दुसऱ्याने समोरून मुख्य सांगाडा धरायचा. मुलाचा पट्टा त्याआधी बांधलेला हवा.

जांभ्याच्या खडीवर पुढची छोटी चाके रुततात. जोराने ढकलले की खुर्ची तिथेच थांबते आणि मूल पुढे फेकले जाते. खुर्ची फिरवायची आणि मोठी चाके पुढे ठेवून पाठमोरी ओढत न्यायची. मुलाला जंगल उलटे दिसते, पण दिसते.

आता फुगे. स्वागताच्या कमानीला रंगीबेरंगी फुगे! फुगा फुटल्याचा आवाज हा एक भाग झाला. पण जन्मतःच पाठीचा कणा नीट न मिटलेल्या, म्हणजे स्पायना बायफिडा असलेल्या मुलांमध्ये रबराच्या लॅटेक्सची ॲलर्जी इतर मुलांपेक्षा खूप जास्त आढळते. लहानपणापासून शस्त्रक्रिया, हातमोजे, नळ्या यांच्याशी संबंध येतो, त्यातून ती होते. अशी ॲलर्जी असलेल्या मुलाला कमानीखालून नेणे म्हणजे अंगावर पित्त, सूज, क्वचित श्वास कोंडणे. जंगलात, जिथे मोबाईलला रेंज नाही, तिथे. याच मुलांच्या पायांना बऱ्याचदा संवेदना नसते. बुटात काटा गेला, उन्हात तापलेल्या लोखंडी पट्टीला पोटरी टेकली, तरी ती रडत नाहीत. दर अर्ध्या तासाने बूट-मोजे काढून पाय डोळ्यांनी पाहावे लागतात. पावसाळा असेल तर जळवांसाठीही.

थंडीत जळवा नसतात, पण गोचीड असते, आणि पाचोळा हेच तिचे घर. तिच्या चाव्यातून माकडताप होतो; १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. आता शेजारच्या सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांतही रुग्ण सापडले आहेत. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ. आपल्या सहलीचा महिना कोणता? मग मुले पाचोळ्यात का? जाड ताडपत्री, पूर्ण बाह्यांचा शर्ट, मोज्यात खोचलेली विजार, घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची वळी, केसांच्या मुळाशी नीट पाहणे. बोलता न येणारे मूल 'मला काहीतरी चावलंय' असे सांगायला येणार नाही.

संडासाबद्दल बातमीत अवाक्षर नाही, ते अपेक्षितच होते. चाकाची खुर्ची साधारण ६५ सेंटिमीटर रुंद असते आणि अशा ठिकाणच्या संडासाचे दार पुष्कळदा दोन फुटांचे, म्हणजे ६० सेंटिमीटर. हे घरून निघण्याआधी कळायला हवे. ज्या मुलांना दर तीन-चार तासांनी नळीने लघवी काढावी लागते, त्यांना हात धुवायला साबण-पाणी आणि आडवे व्हायला स्वच्छ जागा लागते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा डायपर बसच्या सीटवर, खिडकीशी बदलायचा का? कपडे बदलायचा घडीचा तंबू, एक ताडपत्री, पाण्याचे कॅन आणि घडीची कमोड खुर्ची एवढे सामान बसच्या टपावर सहज मावते. कमानीचे बांबू मावले होतेच.

जेवणात पुरी-भाजी आणि चिवड्याची पाकिटे. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसलेल्या काही मुलांना गिळायला त्रास होतो. चिवडा, शेंगदाणे, चुरमुरे यांचे कण श्वासनलिकेत जातात. पातळ पाणीसुद्धा ठसका आणते. अशा मुलांना मऊ दहीभात, कुस्करलेले केळे, आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तर दाट केलेले पाणी, तेही हनुवटी किंचित खाली ठेवून, सरळ बसवून. जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. आयोजकांनी पालकांना विचारले असते तर प्रत्येक आईने ताटाचा पाढा म्हणून दाखवला असता.

आणि एवढ्या सगळ्या खटाटोपात जंगल राहिलेच. बातमीत भीमगड २०११ साली अभयारण्य झाल्याचे, बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांचे दोन परिच्छेद आहेत. मुलांनी हाताला काय लावले, नाकाने काय हुंगले, यावर एक ओळ नाही. न दिसणाऱ्या मुलासाठी ऐनाचे झाड म्हणजे पर्वणी; मगरीच्या पाठीसारखे चौकोन-चौकोन फुटलेले खोड, बोट भेगेतून फिरवत नेता येते. शेजारीच गुळगुळीत खोड असेल तर एक हात याला, एक हात त्याला. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की रक्तासारखा लाल रंग उतरतो, मग हसू किंवा किंकाळी यांपैकी एक नक्की. रानदालचिनीचे पान चुरडून नाकाशी धरायचे. आधी पाहणी करायची ती यासाठीही: त्याच वाटेवर खाजकुइलीच्या शेंगा किंवा बिब्ब्याचे झाड असेल तर ती बाजू टाळायची. एका झाडापाशी वीस मिनिटे गेली तरी बिघडत नाही. तीन झाडे म्हणजे पूर्ण सहल. बातमीत मात्र 'चार किलोमीटर भ्रमंती' अभिमानाने लिहिली आहे. कुणाची?

जाता-जाता एक. काही अपस्मारी मुलांना झगमगत्या उजेडाने फिट येते. जांबोटीच्या रस्त्याला कलत्या उन्हात झाडांमधून ऊन सटासट चमकते, ते त्यांना सोसत नाही. सावलीच्या बाजूची सीट, टोपी, आणि तरी चमकू लागले तर एक डोळा तळहाताने झाकायचा. फिट आलीच तर कुशीवर वळवायचे, घड्याळ पाहायचे, तोंडात काही घालायचे नाही. कांदा-चप्पल हुंगवायचे तर मुळीच नाही. पाच मिनिटांवर गेली तर डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे, म्हणून तो बसच्या डिकीत नव्हे, शिक्षकाच्या खांद्यावरच्या पिशवीत.

फलकांचेही सांगते. वाटेवरचे कानडी फलक मराठी शाळेतल्या मुलांना वाचता येत नाहीत, ही तक्रार सीमाभागात नवी नाही आणि माझ्या हयातीत मिटेल असेही नाही. हत्तीचे चित्र काढा, पाण्याच्या थेंबाचे काढा. थेंबाला लिपी लागत नाही.

राहता राहिला आपला मथळा. फोटोतल्या खुर्चीवरच्या मुलांपैकी काहींची बुद्धी तुमच्या-माझ्याएवढीच आहे, फक्त स्नायू ऐकत नाहीत. ती पेपर वाचतात. काल त्यांनी वाचला. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि 'मतिमंद' हा त्यांतला एकही नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असा शब्द आहे. दुरुस्ती छापणार असाल तर तिसऱ्याच पानावर छापा, शोकसंदेशांच्या चौकटीखाली नको.

आपली,
एक विशेष शिक्षिका
टिळकवाडी, बेळगाव