गारफिल्डला पक्षात ओढू नका

संपादक महोदय,

आपल्या चित्रपट्टीतला गारफिल्ड बोका म्हणजे सत्ताधारी, ओडी कुत्रा म्हणजे मतदार आणि गारफिल्डचा आवडता इटालियन पदार्थ लझानिया म्हणजे सरकारी तिजोरी, असा अर्थ राजवाड्याजवळच्या आमच्या पोहे-जिलबीच्या बैठकीत रोज लावला जातो. त्याचा सोमवारचा तिटकाराही कामगार धोरणावरची टीका ठरला! जिम डेव्हिस यांनी १९७८ साली ही मालिका सुरू केली आणि राजकीय भाष्य जाणीवपूर्वक टाळलं. सगळ्या देशांतल्या वाचकांना तिच्यावर हसता येतं ते त्यामुळेच. राजकारणच हवं तर आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ आहेच. तो मुळी त्यासाठीच जन्मला. वाचनालयातल्या अंकावर गारफिल्डशेजारी पेनाने पक्षांची नावं लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती : तो कोपरा मुलांसाठी कोरा ठेवा.

— एक वाचक, इंदूर