पहिल्या मजल्यावरचा विरंगुळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीने ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत केला, रेल्वेने मात्र मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली. आमच्या कट्ट्यावर चर्चा सगळी याचीच. मला विचाराल तर तिकिटापायी घरी बसलेल्या बायका मी फारशा पाहिल्या नाहीत, बाथरूमपायी बसलेल्या पुष्कळ पाहिल्या.

माझे वय ७१. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू आहे. रविवारी साडेबाराचे नाटक असले की सकाळपासून घोटभरच पाणी पिते आणि गोळी संध्याकाळवर ढकलते (डॉक्टर यावरून रागावले आहेत). मध्यंतर पंधरा मिनिटांचे, संडास तीन, रांगेत वीसेक जणी. त्यात ते उकिडवे बसायचे. गुडघे असे, की खाली बसले तर उठताना धरायला काहीतरी हवे, आणि भिंतीला साधी दांडी नाही. मागच्या खेपेला मी रांगेत असतानाच तिसरी घंटा झाली. आत काळोख, पायऱ्यांना ना कठडा ना दिवा. अर्धा अंक दाराशी उभी राहून पाहिला.

आमच्या भागात विरंगुळा केंद्रही आहे. अठरा पायऱ्या चढून पहिल्या मजल्यावर! वर कॅरम, पत्ते, वर्तमानपत्रे आणि यच्चयावत पुरुष. "आजी, तुम्हाला कुणी अडवलंय का?" असे तिथल्या एका गृहस्थांनी मला हसत विचारले. अडवले कुणीच नाही. पण केंद्र उघडते सकाळी आणि संध्याकाळी. सकाळी नातवाचा डबा आणि शाळेची बस, संध्याकाळी कुकर. आम्ही मोकळ्या दुपारी दोन ते चार, तेव्हा दाराला कुलूप.

मारुतीच्या देवळातले आमचे भजनी मंडळ नेमके त्याच वेळी भरते. पायरी एकच, मांडी घालता येत नाही त्यांना खुर्च्या, आणि दोन दिवस गेले नाही की कुणाचा तरी फोन येतो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी काठी टेकत येतात, पावसातसुद्धा.

महापालिकेने केंद्र दुपारी उघडे ठेवावे, जमल्यास तळमजल्यावर आणावे. नाट्यगृहात एक कमोड, दोन दांड्या आणि पायऱ्यांना कठडा बसवायला किती खर्च येणार?

पुढच्या महिन्यात मैत्रीण पुन्हा नाटकाला चल म्हणते आहे. कडेची खुर्ची मिळाली तर येते, असे सांगितले आहे.

– एक वाचक, पुणे